देवाची भिंत आणि चित्रकाराची भिंत

वर्षाच्या अखेरीस हिशेब पुरा करण्याची रीत व्यापाऱ्यांत आहे, वकिलांत आहे आणि देवस्थानांच्या कमिट्यांतही आहे. आपले वर्ष फाल्गुनात संपते, सरकारचे मार्चात आणि चित्रदालनांचे डिसेंबरात. एवढाच काय तो फरक. गेल्या डिसेंबरअखेर बेळगावातील एका दालनात समकालीन चित्रकारांचे समूह-प्रदर्शन भरले होते. वर्षभरात ज्यांनी काही बरे काम केले अशा सोळा जणांची चाळीसएक चित्रे तेथे मांडलेली होती. सांबऱ्याहून शहर काही दूर नाही. एका रविवारी संध्याकाळी आम्ही मुद्दाम गेलो. दालनाचे नाव आम्ही येथे देत नाही. कारण ज्या गोष्टीविषयी आम्हांला तक्रार करावयाची आहे, ती त्या दालनाची एकट्याची नव्हे. मुख्यत्वे ती आमचीच आहे.

आम्ही तेथे तासभर होतो. त्या तासात अकरा माणसे आली. त्यांपैकी चार जण स्वतःच चित्रकार होते, दोघे त्यांचे नातलग होते, आणि एक गृहस्थ पलीकडच्या मंगल कार्यालयातील स्वागतसमारंभाला आलेले होते. गाडी लावण्यास जागा मिळेपर्यंत वेळ काढावा म्हणून ते आत शिरले होते. त्या कार्यालयाबाहेर मोटारींची रांग थेट चौकापर्यंत गेली होती. त्या रांगेत आमच्या समाजाचे निदान अर्धे शहर असावे. दालनाच्या दारात मात्र वहीत अभिप्राय लिहिण्यासाठी ठेवलेले पेन टोपणासह तसेच पडून होते.

चित्रांत एक चित्र सांबऱ्याकडचे होते. १९४२ साली युद्धाच्या धामधुमीत आमच्या गावाच्या माथी विमानांची धावपट्टी आली, तेव्हापासून सांबरे म्हटले की लोकांना विमानच आठवते. या चित्रात विमान नव्हते. खाली काळे रान, त्यावर मसुराची फिकी हिरवळ, मधून गेलेले तारेचे कुंपण आणि वर चित्राचा दोनतृतीयांश भाग व्यापून राहिलेले रिकामे आभाळ. चित्रकार तरुण, त्याच भागातला. आमच्या परिचयाचे एक वयोवृद्ध विश्वस्त योगायोगाने तेथे होते. त्यांनी चष्मा पुसला, चित्राकडे पाहिले आणि विचारले, "हें कितें रे बाबा? विमान खंय आसा?" तो मुलगा नम्रपणे म्हणाला, "विमान नाही काढलं, काका. आमचं शेत काढलंय." विश्वस्त हसले, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, यापेक्षा लक्ष्मीच्या यात्रेत तू रंगवलेला रथ चांगला होता!

हे बोलणे त्यांनी कौतुकानेच केले. पण तेथेच आमच्या मनात हा लेख सुरू झाला. कारण तो रथ खरोखरच चांगला होता, आणि तो या मुलाने रंगवला होता ही गोष्ट आम्हांला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हती. यात्रेचा जमाखर्च छापून घरोघर वाटला गेला होता. त्यात रंगाच्या डब्यांची रक्कम होती, दोरखंडाची होती, मंडपाची होती. हजार रुपये देणाऱ्यांपासून पुढच्या सर्व देणगीदारांची नावे होती. रथ रंगविणाऱ्याचे नाव नव्हते. ते छापावे असे कोणाला सुचलेही नव्हते, आणि तो अहवाल हाती आल्यावर आम्हांलाही ती उणीव जाणवली नव्हती.

म्हणून आमचे म्हणणे प्रथमच स्पष्ट मांडतो. आपण देवस्थानाभोवती जमणारी माणसे स्वतःला संस्कृतीचे राखणदार म्हणवतो. सभेत, स्मरणिकेत, सत्कारसमारंभात हा शब्द आपण सहज उच्चारतो. परंतु डोळ्यांनी पाहण्याच्या कलेबाबत आपण राखणदार नाही. आपण बेफिकीर आहोत, आणि काही ठिकाणी तर नासधूस करणारे आहोत. चित्रदालन ओस पडते ते याच बेफिकिरीमुळे, आणि देवळाची जुनी भिंत फोडली जाते तीही याच बेफिकिरीमुळे. ही दोन दुखणी वेगळी नाहीत.

याला आपल्यातील सुशिक्षित लोक तीन उत्तरे देतात. ती एकेक तपासू.

पहिले उत्तर असे की, "हल्लीची चित्रे आम्हांला कळत नाहीत." ठीक. मग गाणे कळते काय? सांबऱ्याजवळच्या सुळेभावी गावी १९२४ साली शिवपुत्र कोमकली जन्मास आले. पुढे जगाने त्यांना कुमार गंधर्व म्हणून ओळखले. त्यांच्या आलापाचा अर्थ काय, हे आपल्यापैकी कोणी कधी विचारले आहे काय? आलापात शब्द नसतात, गोष्ट नसते, ओळखीचा देखावा नसतो. तरी आपण माना डोलावतो. कारण लहानपणापासून देवळाच्या सभामंडपात बसून आपले कान तयार झाले आहेत. त्याच १९२४ साली गोमंतकीय आईबापांच्या पोटी नागपुरास वासुदेव गायतोंडे जन्मले. आपली चित्रे कोणत्याही वस्तूची नव्हेत असे ते सांगत. रंगाचे थर देत, खरवडत, थांबत, पाहत ते एकेका चित्रावर दीर्घकाळ काम करीत. कुमारांनी स्वरात जे केले, त्याचाच दुसरा मार्ग गायतोंड्यांनी रंगात धरला असे आम्ही म्हणालो, तर संगीताचे जाणकार रागावणार नाहीत. पण कुमारांना ऐकावयास आपण रात्र जागवली. गायतोंड्यांचे नाव आपल्यातील बहुतेकांनी प्रथम ऐकले ते २०१३ साली, जेव्हा त्यांचे एक चित्र मुंबईच्या लिलावात तेवीस कोटींहून अधिक रुपयांस गेले तेव्हा! ते गृहस्थ २००१ सालीच एकाकी अवस्थेत निवर्तले होते. २०१४ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरविले. न्यूयॉर्कच्या लोकांना ते कळले आणि आपल्याला कळले नाही, याचे कारण बुद्धीत नाही, सवयीत आहे. कान जसा सवयीने तयार होतो तसाच डोळाही. ज्याने वर्षाकाठी एकही प्रदर्शन पाहिले नाही, त्याने "कळत नाही" म्हणणे म्हणजे विहिरीत न उतरता पोहता येत नाही अशी तक्रार करणे आहे.

दुसरे उत्तर असे की, "या चित्रांत नग्नता असते, कुटुंबवत्सल माणसाने तेथे जावे कसे?" या आक्षेपाचा निकाल आमच्या व्यवसायाने पुष्कळ आधी लावून टाकला आहे. १९५२ साली मुंबईत जहांगीर कलादालन उघडले. दोनच वर्षांनी, १९५४ मध्ये, तेथे अकबर पदमसी या तरुण चित्रकाराच्या प्रदर्शनातील दोन चित्रे पोलिसांना अश्लील वाटली. चित्रे काढून घेण्यास त्याने नकार दिला, तेव्हा त्याच्यावर खटला झाला. दंडाधिकाऱ्यांनी त्याला निर्दोष सोडले. सरकार उच्च न्यायालयात गेले, तेथेही हरले. सत्तर वर्षांनी हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा, हेही १९२४ चेच, आणि हेच पदमसी, यांची सात चित्रे परदेशातून येत असता मुंबईच्या कस्टम्स खात्याने अश्लील म्हणून अडकवली. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला आणि चित्रे परत देण्यास फर्माविले. नग्न तेवढे सगळे अश्लील, ही समजूत कायद्याला मान्य नाही. आणि खरे सांगावयाचे तर ती आपल्या देवळांनाही मान्य नव्हती. जुन्या मंदिरांच्या बाहेरच्या पट्ट्या ज्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिल्या आहेत, त्यांना हे सांगण्याची गरज नाही. शिवाय त्या डिसेंबरच्या प्रदर्शनात मसुराचे शेत होते, म्हाताऱ्या बाईचे हात होते, पावसातला बसस्थानक होता. जे तेथे नव्हतेच त्याच्या भीतीने लोक घरी बसले होते.

तिसरे उत्तर सर्वांत मानभावी आहे. "ही कला आपली नव्हे, देवालयाचा आणि तिचा संबंध काय?" आमचे उत्तर असे की, देवालय हेच आपले पहिले चित्रदालन आणि तेथील काम हेच आपले पहिले समूह-प्रदर्शन. बेळगावच्या किल्ल्यात १२०४ सालची कमल बस्ती आजही उभी आहे. तिच्या छतातील दगडी कमळाखाली उभे राहून मान वर करावी, म्हणजे किती हातांनी एक मन करून काम केले ते समजते. बांदिवड्यास नागेशीच्या सभामंडपात लाकडावर कोरलेले रामायण आहे. आणि कोकणापासून उत्तर कानडापर्यंतच्या आपल्या देवळांच्या भिंतींवर कावीचे काम होते. होते, हे क्रियापद आम्ही जाणूनबुजून वापरले आहे.

कावी म्हणजे काय ते ज्यांच्या घरात ती होती त्यांनाही आज सांगावे लागते. शिंपले भाजून केलेला चुना भिजवून मुरवायचा, भिंतीला त्याचा गुळगुळीत थर द्यायचा, त्यावर तांबड्या मातीच्या रंगाचा हात फिरवायचा, आणि तो ओला आहे तोवर लोखंडी अणीने खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करायचा. दोनच रंग, तांबडा आणि पांढरा; पण त्यांत गणपती येई, दशावतार येत, वेली, मोर, हत्ती, कधी बंदूक घेतलेला शिपाईही येई. थर वाळण्यापूर्वी रेघ उठली पाहिजे. चुकली तर पुसता येत नाही. होन्नावरचे डॉ. कृष्णानंद कामत यांनी देवळोदेवळी हिंडून या भिंतींची छायाचित्रे घेतली, रेखाटने केली, लिहिले. २००२ साली ते गेले. त्यांनी टिपलेल्या भिंतींपैकी किती उरल्या, हे त्यांच्या पुस्तकाशी ताडून पाहिले तर मान खाली घालावी लागेल. परचक्राने नव्हे, पुराने नव्हे, जीर्णोद्धाराने त्या गेल्या.

येथे आम्हांला आमचाच जबाब नोंदवावयाचा आहे. आमच्या कुलदेवतेच्या देवळात लहानपणी आम्ही पाहिलेली एक भिंत होती. प्रदक्षिणेच्या डाव्या अंगाला, आमच्या खांद्याएवढ्या उंचीवर, तांबड्यात पांढरा असा एक हत्ती होता आणि त्याच्या सोंडेत कमळ होते. प्रत्येक प्रदक्षिणेला त्या हत्तीला बोट लावून पुढे जायचे, असा आम्हां भावंडांचा नियम होता. काही वर्षांपूर्वी जीर्णोद्धाराचे पत्र आले. "भिंती जुनाट झाल्या असून त्यांना टिकाऊ फरशी बसविण्याचे योजिले आहे," असे एक वाक्य त्यात होते. आम्ही ते वाचले. आम्ही कायद्याचे पदवीधर, दस्तऐवजातील स्वल्पविरामावरून तासभर वाद घालणारे. पण त्या वाक्यावर आमची नजर अडली नाही. आम्ही वर्गणी पाठवली, पावती आली, ती फाईलला लावली. पुढच्या खेपेस गेलो तेव्हा प्रदक्षिणेच्या वाटेवर कमरेपासून वर चकचकीत फरशी होती, स्नानगृहात असते तशी. तिच्यावर आमचे नावही होते, देणगीदारांच्या यादीत. हत्ती फोडण्याचे पैसे आम्ही दिले होते. तेव्हा या लेखात आम्ही ज्यांच्यावर टीका करीत आहो, त्यांत पहिला आरोपी कोण हे वाचकांनी ओळखावे.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. देवळाची मालमत्ता कमिटीची नसते, महाजनांची नसते, देणगीदारांची तर मुळीच नसते. ती देवाची असते. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने मलिक घराण्याच्या दाव्यात निर्वाळा दिला की, देव ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे. इकडून तिकडे हलवावी अशी ती नुसती वस्तू नव्हे. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, देवाची स्थिती अज्ञान मुलासारखी असते, आणि व्यवस्थापकच त्याच्या हिताविरुद्ध वागू लागला तर भाविकाला देवाच्या वतीने दावा लावता येतो. तो दावा विकलेल्या मिळकतीचा होता, भिंतीवरील चित्राचा नव्हता, हे आम्ही प्रामाणिकपणे नमूद करतो. पण तत्त्व एकच आहे. अज्ञान मुलाच्या घरातील वडिलोपार्जित दागिना पालकाने मोडीत काढला आणि त्याच्या जागी चकाकणारे पितळ आणून ठेवले, तर त्याला आपण काय म्हणू? दोनशे वर्षांची भिंत फोडून फरशी लावणाऱ्याला मात्र आपण शाल आणि श्रीफळ देतो.

जिवंत चित्रकाराच्या बाजूने तर कायदा आणखी स्पष्ट आहे. दिल्लीच्या विज्ञान भवनात अमरनाथ सहगल यांनी घडविलेले भव्य ब्राँझ भित्तिशिल्प १९७९ साली नूतनीकरणाच्या नावाखाली उतरवून भांडारात टाकण्यात आले. सहगल न्यायालयात गेले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमाचा आधार घेऊन दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली निकाल दिला की, सरकार मालक झाले म्हणून कलावंताची कृती भंगवण्याचा अधिकार त्याला मिळत नाही. उरलेले तुकडे सहगलांना परत द्यावेत आणि वर पाच लाख रुपये भरपाई द्यावी. कावी काढणाऱ्या अनामिक कारागिरांना या कलमाचा उपयोग नाही. त्यांचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. म्हणूनच आम्ही म्हणतो की नाव लिहिणे ही किरकोळ गोष्ट नव्हे. ज्याचे नाव नाही, त्याच्यासाठी उद्या कोणीही न्यायालयात उभा राहू शकत नाही. यात्रेच्या अहवालात रथ रंगविणाऱ्याचे नाव छापले नाही, तेव्हाच त्या रथाच्या नाशाची परवानगी आपण देऊन ठेवली.

एवढे बोलल्यावर दालनवाल्यांना मोकळे सोडणे न्यायाचे होणार नाही. त्या प्रदर्शनात प्रत्येक चित्राखालची चिठ्ठी इंग्रजीत होती. सूचिपत्र इंग्रजीत होते. त्यातले लिखाण तर असे होते की ते इंग्रजी जाणणाऱ्यालाही इंग्रजी वाटू नये. या सीमेवर मराठी आणि कानडी यांचा तंटा किती जुना आणि किती कडवट आहे ते आम्हांला कोणी शिकवू नये. पण दोघीही बाहेर उभ्या आणि तिसरीच घरात, असा न्याय आम्ही प्रथमच पाहिला. कोकणीचा तर उल्लेखही नको. मसुराच्या शेताचे चित्र काढणाऱ्याची आई जर दालनात आली असती, तर मुलाने काय काढले आहे हे तिला वाचता आले नसते. "लोक येत नाहीत" असे म्हणणाऱ्यांनी लोकांच्या भाषेत निमंत्रण दिले होते काय, एवढे आधी सांगावे. सामान्य माणसाला कळणार नाही असे गृहीत धरून जे दार उघडले जाते, ते उघडे असूनही बंदच असते.

आणि हे बेळगावला शोभत नाही. के. बी. कुलकर्णी यांच्यासारख्या गुरूने याच शहरात बसून पिढ्या घडविल्या. रवी परांजपे त्यांच्याच हाताखालचे. टिळकवाडीत त्यांच्या नावाचे कलादालन आहे. येथून घाट उतरले की सावंतवाडी; तेथे १८८२ साली सावळाराम हळदणकर जन्मले. हातातील समईचा उजेड तळव्याने आडवून धरलेली त्यांची ती स्त्री आज म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे, आणि कर्नाटकातील हजारो घरांत तिची प्रतिकृती आहे. ती मराठी आहे की कानडी, असे तिला कोणी विचारत नाही. चित्र सीमा ओलांडते, हे या सीमेवरच्या माणसांनी इतरांस शिकवावयाचे; येथे उलट आहे.

तेव्हा नुसता कंठशोष न करता आम्ही तीन गोष्टी सुचवितो. पहिली: कोणत्याही देवस्थानाने जीर्णोद्धाराचा ठराव करण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे, खांबाचे आणि छताचे छायाचित्र व रेखाटन करून ते सभेपुढे ठेवावे, आणि जुन्या कामाची जाण असलेल्या एका तरी माणसाचे लेखी मत घ्यावे. दुसरी: अहवालात देणगीदारांच्या यादीशेजारी कारागिरांची आणि चित्रकारांची यादी छापावी, गावासह. तिसरी: आपल्या देवस्थानांची सभागृहे लग्नसराई सोडली तर पुष्कळ दिवस रिकामी असतात, त्यांपैकी एक आठवडा दरवर्षी या भागातील चित्रकारांना विनामूल्य द्यावा. चिठ्ठ्या मराठी, कानडी आणि कोकणीत लिहाव्यात. आरतीला आलेली माणसे पाय धुऊन तशीच आत येतील. त्यांना वेगळे निमंत्रण लागणार नाही.

"खर्च कोण देणार?" हा प्रश्न येणार हे आम्हांला माहीत आहे. फरशीसाठी आम्ही जेवढी वर्गणी दिली होती तेवढी रक्कम आम्ही बाजूला काढून ठेवली आहे. जे देवस्थान हा ठराव प्रथम करील, त्याच्या चिटणीसांनी पावती आमच्या नावे फाडावी. फक्त आमचे नाव भिंतीवर कोठेही घालू नये. तेथे आधीच ते एकदा पुष्कळ ठळक अक्षरांत कोरलेले आहे, आणि त्याच्याखाली हत्ती होता.